सहा खोल्यांचं घर

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, त्यानंतर त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला. हो. पाणी पाहिजे का, हो. पाठ दुखते का, हो. सुरुवातीला मला बरंच वाटलं, माणूस निदान उत्तर तरी देतो. मग एकदा चहा त्यांच्या तोंडाशी नेत मी विचारलं, गार झाला ना आता? ते हो म्हणाले आणि त्यांचे ओठ पोळले. डॉक्टरांनी नंतर समजावलं की त्यांना सगळं कळतं, मनात उत्तरही बरोबर येतं, पण जिभेपर्यंत येता येता प्रत्येक शब्दाचा तोच एक शब्द होतो.

ते अकोल्यातल्या एका तेलगिरणीत हिशोब बघायचे. मी घरी शिवणकाम करते. जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मागची खिडकी मोर्णा नदीच्या बाजूला उघडते, म्हणजे वासामुळे बहुतेक बंदच असते. एकुलती मुलगी तेव्हा अमरावतीला फार्मसी शिकत होती. बार्शीटाकळीकडे त्यांच्या वाट्याचं थोडं शेत होतं, ते पहिल्या दवाखान्यातच विकलं गेलं. गिरणीनं काही महिने वाट पाहिली आणि मग नोकरी संपल्याचं कळवलं. फंड, ग्रॅच्युइटी आणि शेताचे उरलेले पैसे मिळून अठरा लाख रुपये आमच्या दोघांच्या खात्यात जमा झाले.

आयुष्यात एवढे पैसे मी कधी पाहिले नव्हते, आणि त्या पैशांची एवढी भीतीही मला कधी वाटली नव्हती. औषधं, रोज घरी येऊन हातपाय हलवून घेणारा माणूस, किराणा, मुलीची फी आणि तिच्या खोलीचं भाडं. दर महिन्याला सोळा-सतरा हजार लागत. माझ्या मशीनवर पाच-सहा यायचे, तेही लग्नसराईत. पैसे नुसते काढून खाल्ले तर ते किती वर्षं पुरतील याचा हिशोब मी भांडी घासताना करायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची.

माझा धाकटा दीर अमरावतीला सरकारी नोकरीत आहे. दर रविवारी तो भावाला बघायला यायचा, त्यांची दाढी करून द्यायचा. एका रविवारी त्यानं घराची गोष्ट काढली. अमरावतीला कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक आपलं घर विकत होते. खाली तीन, वर तीन अशा सहा खोल्या. सगळ्या विद्यार्थ्यांना आणि नोकरीवाल्यांना भाड्यानं दिलेल्या. खोलीला चार हजार. मालक शेजारच्या लहान घरात राहत होते. किंमत चौतीस लाख.

"वहिनी, पैसा बँकेत ठेवला तं बसल्या बसल्या सडते," तो म्हणाला. "घर घेतलं तं ते उभं राहून वाढते."

अठरा आमचे, बाकीचे सोळा तो स्वतःच्या नावावर कर्ज काढून घालणार होता. घर दोघा भावांच्या नावावर होणार होतं. चोवीस हजार भाड्यातून सोळा हजारांचा हप्ता जाईल, उरलेले आठ हजार तुमचे, असं त्यानं सांगितलं. कर्ज फिटलं की सगळं भाडं आपलं. तोपर्यंत घराची किंमत दुप्पट.

तो मला फसवत नव्हता, हे इथंच सांगून टाकते. त्या घरामागं दोघा भावांची एक जुनी गोष्ट होती. तरुणपणी दोघं शिकायला अमरावतीला गेले, तेव्हा खोली मिळेना. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची, घरमालक हसून बोलायचा, गाव विचारायचा, मग आडनाव विचारायचा. आडनाव कळलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी आमच्याच समाजातल्या एका कंडक्टरनं त्यांना आपल्या घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. लग्नानंतर नवऱ्यानं मला ही गोष्ट कितीदा तरी सांगितली होती, आणि दर वेळी शेवट एकच असायचा. आपण अमरावतीला घर बांधू, पोरांना भाड्यानं देऊ आणि कोणालाही आडनाव विचारणार नाही.

त्या रविवारी दिरानं पलंगाजवळ वाकून विचारलं, "दादा, घ्यायचं ना मंग घर?"

"हो," ते म्हणाले.

दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी घरी आलेली होती, तीही रडायला लागली. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हो खरं होतं की नुसतं तोंडात आलेलं होतं, ते मला कळेना.

पुढच्या रविवारी मी दिरासोबत अमरावतीला घर बघायला गेले. घर चांगलं होतं. पक्कं बांधकाम, वर जाणारा बाहेरचा जिना, अंगणात बोअर. मालक पांढऱ्या सदऱ्यातले, हळू बोलणारे गृहस्थ होते. खाली दोन खोल्यांतले लोक घरात होते, बाकीच्या दारांना कुलपं. रविवार आहे, पोरं गावाकडे गेली असतील, असं मालक म्हणाले. वरच्या तिन्ही खोल्यांपुढच्या तारांवर कपडे वाळत होते, शर्ट, पँट, टॉवेल. एका शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर तारेची रेघ उडालेल्या रंगात उमटली होती. माझं सगळं आयुष्य कापडात गेलं, असलं काही नजरेतून सुटत नाही. कोण पोरगा इतके दिवस कपडे उन्हात सोडून देतो, एवढंच तेव्हा मनात आलं आणि गेलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या घराची मालकीण झालेली होते. जिन्याला कोणता रंग द्यायचा तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

मग बँकेत जाऊन विचारलं. अठरा लाख तसेच ठेवले तर महिन्याला साधारण साडेदहा हजार व्याज मिळालं असतं. घराचे आठ हजार, बँकेचे साडेदहा. पण बँकेचे साडेदहा वर्षानुवर्षं साडेदहाच राहणार आणि औषधं महाग होत जाणार. घराचे आठ पुढे चोवीस होणार. मग घराला मालमत्ता कर, रंग, बोअरची मोटर, जिन्यातला दिवा हेही लागणार. मला यातलं काही नीट जमेना. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याचे हिशोब लावले, तो समोर पलंगावर छताकडे बघत पडलेला होता, आणि मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरत होते.

शेवटी मी त्यांच्याशीच बसले. बोलण्याच्या सरावासाठी एक पाटी आणलेली होती. त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि पाटीवर लिहिलं, चोवीस हजार गुणिले बारा. खाली हप्ता, सोळा हजार गुणिले बारा. लिहिता लिहिता तोंडानं सांगत गेले, एखाद्या मुलाला सांगावं तसं. त्यांनी डाव्या हाताचा तळवा उचलला आणि पाटीवर आणला. मला वाटलं पाटी ढकलून देतायत. पण त्यांनी वरचा बारा पुसला. हप्त्याचा बारा तसाच ठेवला. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पुसलेल्या जागी वेडंवाकडं काहीतरी काढलं. एक उभी रेघ आणि एक भोपळा.

"दहा?" मी विचारलं.

"हो."

"की बारा?"

"हो," ते म्हणाले आणि बोटानं त्या दहावर ठोकत राहिले. तोंड लाल झालं होतं, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि तसंच बसल्या बसल्या मला उमगलं. भाडं दहा महिन्यांचंच धर, उन्हाळ्यात पोरं खोल्या सोडून जातात, असं ते सांगत होते. हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. मी नवा हिशोब मांडला, आठ हजारांचे चार झाले. कर आणि दुरुस्ती धरली तर त्याहूनही कमी. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थकून गेले होते, पण डोळे माझ्यावरच होते. आजारपणानंतर प्रथमच माझा नवरा मला भेटला होता, आणि त्यानं जे सांगितलं त्यानं माझ्या पायाखालचं उरलंसुरलं निघून गेलं. कारण चार हजारांत आमचं भागणार नव्हतं आणि बँकेच्या साडेदहातही नव्हतं. एकही वाट पुरत नव्हती.

त्या आठवड्यात मी कोणाला न सांगता एकटीच अमरावतीला गेले. नवऱ्याजवळ शेजारणीला बसवलं. मला बघायचं होतं की कामाच्या दिवशी त्या सहा खोल्यांत खरंच किती माणसं असतात.

वरच्या तारांवर तेच शर्ट होते. त्याच जागी, त्याच क्रमानं.

खालच्या एका खोलीतून एक मुलगी बाहेर आली. मोर्शीकडची होती, एका दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून आलेली. मी खोली बघायला आले असं तिला वाटलं.

"घ्या काकू, भरपूर खोल्या हायेत," ती म्हणाली. "वरच्या तिन्ही तं दिवाळीपासून रिकाम्या पडल्या."

"मग हे कपडे कोणाचे?"

तिनं मालकांच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज कमी करून म्हणाली, "काकांचेच हायेत. घर पाहाले कोणी बी कवाई येते, म्हणून टाकूनच ठेवतात."

मोठ्या रस्त्यावर जेवणासकट राहायची सोय असलेली नवी इमारत झाली होती, पोरं तिकडे गेली होती. जो क्लास या गल्लीत होता तोही हलला होता. उन्हाळ्यात बोअर आटायचा आणि टँकरचे पैसे मालक द्यायचे. ती सांगत होती आणि मी मनात हिशोब मांडत होते. तीन खोल्यांचं भाडं बारा हजार, हप्ता सोळा. म्हणजे ते घर आम्हाला काही देणार नव्हतंच, उलट दर महिन्याला आमच्याकडूनच चार हजार मागणार होतं.

मी शेजारच्या घराचं दार वाजवलं. फार रागावून गेले होते. काय बोलायचं ते सगळं जिन्यावरच जुळवलं होतं. मालकांनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं समजलं. त्यांच्या मागं खोलीत पलंगावर त्यांची बायको होती. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवयासुद्धा गेलेल्या. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. खोलीला औषधांचा वास येत होता, आमच्या घराला येतो तसाच.

मी तिला झोपून राहा म्हणून हातानं खूण केली.

मालक मला घेऊन बाहेर ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ताई, नागपूरले न्या लागते हिले दर खेपेस. जवळ होतं ते संपलं. खोल्या रिकाम्या दिसल्या का गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जाते. मंग मी कपडे टाकाले लागलो."

"आणि आम्ही घेतलं असतं मग?" मी विचारलं. "माझा माणूस तर पलंगावर आहे. हे तुम्हाला माझ्या दिरानं सांगितलं होतं."

"सांगतलं होतं," ते म्हणाले. मान खाली घालून त्यांनी पायानं ओट्यावरची माती सारखी केली. "तुमच्या जागी मी असतो तं मी बी हे घर घेतलं नसतं. पण मी माह्या जागी हावो."

त्यांनी तिथंच किंमत सहा लाखांनी कमी केली. मी न मागता. अठ्ठावीसला द्यायला ते तयार होते, फक्त अर्धे पैसे लगेच हवे होते. निघताना त्यांच्या बायकोनं आतून हाक मारून मला चहा घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही. पुढं कितीतरी दिवस मला त्या न घेतलेल्या चहाचंच वाईट वाटत राहिलं.

बसमध्ये पुन्हा हिशोब. अठ्ठावीसला घेतलं तर कर्ज दहा लाख, हप्ता दहा हजार, भाडं बारा. उरले दोन. टँकर, कर. काहीच नाही. आणि तरीही मी मूर्तिजापूरपर्यंत स्वतःशी भांडत होते, की खोल्या भरतील, आपण स्वतः जाऊन राहू, मी तिथं मेस चालवीन, पोरं जेवणासाठी तरी येतील. अंथरुणातल्या माणसाला कूस कोण बदलून देईल, हे आठवलं की सगळं पुन्हा खाली बसायचं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं मला विचारलं, बरं वाटत नाही का. मी हो म्हणाले.

रविवारी दीर आला तेव्हा मी सगळं सांगितलं. कपड्यांचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पण अठ्ठावीस ऐकून त्याला परत हुरूप आला. खोल्या आज रिकाम्या आहेत, उद्या भरतील, एवढ्या किमतीत अमरावतीत जागा पुन्हा मिळणार नाही, असं तो सांगत राहिला. मी नाही म्हणाले. पैसे बँकेत राहतील, म्हणाले.

"दादानं हो म्हटलं होतं, वहिनी."

"ते सगळ्यालेच हो म्हणतात, भाऊजी."

"मंग तुमाले कसं मालूम, का त्याले नाईच म्हणायचं होतं?"

मी त्याला पाटीची गोष्ट सांगितली. दहाच्या आकड्याची. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दहा म्हणजे दहा महिने, हे तुमी लावलं. त्यानं नाई सांगतलं."

नवरा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मी पाटी उचलून कोपऱ्यात ठेवली. त्या दहाचा खरा अर्थ मला आजही ठाऊक नाही. दिरानं त्या दिवशीही त्यांची दाढी केली, नीट, न घाई करता, आणि चहा न घेता गेला. त्यानंतर कितीतरी रविवार तो आला नाही. फोन यायचा तो मुलीला.

पैसे बँकेत ठेवले. व्याजात भागेना म्हणून घरी येऊन व्यायाम घेणाऱ्या माणसाला मी एक दिवसाआड यायला सांगितलं, मग आठवड्यातून एकदा. मुलीनं मला न विचारता कॉलेज सोडलं. एका दुपारी सामानाची पेटी घेऊन ती दारात उभी राहिली, म्हणाली, औषधांच्या दुकानात काम मिळालंय, इथंच अकोल्यात. मी तिच्यावर ओरडले, तिनं ओरडू दिलं. मग तिनं बाबांच्या उशाशी बसून त्यांना खिचडी भरवली.

पुढच्या वर्षी नवऱ्याला दुसरा झटका आला. सरकारी दवाखान्यात खाट नव्हती, व्हरांड्यात गादी देतो म्हणाले. मी त्यांना खासगी दवाखान्यात नेलं. मुदत ठेव मोडायला बँकेत गेले तेव्हा तिथला अधिकारी म्हणाला, मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाईल. मी म्हटलं, कापा. अठरातले अकरा लाख त्या दवाखान्यात गेले. ते पुन्हा शुद्धीवर आले, आम्हाला ओळखलं, मुलीचा हात धरला. मग छातीत कफ साठला, आणि ते गेले.

दीर आला. खांदा त्यानंच दिला, सगळं त्यानंच केलं. पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेल्या बायकांमध्ये एक नातेवाईक बोललीच, की तेव्हा घर घेतलं असतं तर आज हिला भाड्याचा तरी आधार राहिला असता. तसं बघितलं तर तिचं खरं होतं. पैसे घरात अडकले असते तर मोडायला काहीच नसतं. ते व्हरांड्यातल्या गादीवर गेले असते, कदाचित त्याच आठवड्यात. आज घर असतं, रिकामं का होईना, विकायला तरी असतं. मी अकरा लाख देऊन त्यांचे थोडे दिवस घेतले. त्या दिवसांत त्यांना त्रासच झाला. तो व्यवहार बरोबर होता का, हे कोणत्या पाटीवर मांडायचं?

दीर ओट्यावर बसलेला होता. त्यानं ते ऐकलं आणि आत येऊन त्या बाईला म्हणाला, "वहिनीनं बरोबर केलं. त्या गल्लीत आता कोणी खोली घेत नाही." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, मी त्याला कधी विचारलं नाही. तो पुन्हा येऊ लागला आहे, पण आम्ही त्या घराबद्दल बोलत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुढची खोली भाड्यानं दिली. पलंग विकला, मशीन मागच्या खोलीत नेली. आता मी आणि मुलगी तिथंच झोपतो, तिथंच स्वयंपाक करतो, आणि वारा यावा म्हणून मोर्णेकडची खिडकी उघडी ठेवावी लागते. भाडेकरू एक तरुण जोडपं आहे. तो कुरिअरचं काम करतो, तिला सातवा महिना लागलाय. भाडं तीन हजार. पहिलं भाडं तिनं स्वतः आणून दिलं आणि जाता जाता संकोचून म्हणाली, काकू, पंखा फिरून नाही राहिला, लय गरम होते. मी मेस्त्रीला बोलावलं. त्यानं पंखा उतरवला, हुंगून पाहिला आणि कॉइल जळाली म्हणाला. नवा घ्या, हा दुरुस्त करून उपयोग नाही. तिच्या पोटाकडे बघून मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही, हातातल्या नोटांतून निम्म्या काढून त्याला दिल्या आणि संध्याकाळच्या आत नवा बसवून दे म्हणून सांगितलं.